दोन बोटांची फट

मी एक जुनी टोपी आहे, मित्रांनो. तीन कोनांची, काळी, बीव्हरच्या लवेची. आता काळी म्हणायचं ते नावापुरतं; कडा तांबूस झाल्यात आणि एका कोनाला कसर लागलीय. ॲशकोट गावच्या सभाघरात, दारामागच्या खुंटीवर मी टांगलेली असते. दार करकरलं की माझा जीव दचकतो. कोण आलं? मला न्यायला आलं का? माझ्या आत काही राहून तर गेलं नाही ना? हसू नका बाई. ज्या टोपीनं नऊ वर्षं पोटात एक चिठ्ठी बाळगली, तिला ही खोड लागायचीच.

सांगते सगळं. फक्त मध्येच 'मग तू बोलली का नाहीस?' असं विचारू नका. टोपीला तोंड नसतं, हे माझं सगळ्यात मोठं दुःख आहे.

माझा जन्म बंदराच्या गावी एका टोपीवाल्याकडे झाला. उत्तरेच्या नद्यांमध्ये झाडं कुरतडून धरणं बांधणारं बीव्हर नावाचं जनावर असतं, त्याच्या कातड्यावरची मऊ लव म्हणजे मी. मला उकळलं, बडवलं, वाफेवर धरलं, लाकडी ठोकळ्यावर ताणलं. टोपीवाल्याचे हात सारखे थरथरायचे. त्या धंद्यातल्या सगळ्यांचेच थरथरतात, लवेला लावायच्या पाऱ्यामुळं. कपाळाला लागणारी आतली चामड्याची पट्टी शिवताना त्याचा दोरा संपला. दोन बोटांची जागा उरली होती. "राहू दे तिच्यायला, आत कोण बघतंय!" असं म्हणून त्यानं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

आत कोण बघतंय! मित्रांनो, माझी सगळी काळजी त्या वाक्यातून निघाली.

मला विकत घेतलं एलिफलेट ग्रीनो यांनी. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, हाडकुळे, भल्यामोठ्या कानांचे होते. लग्नासाठी टोपी हवी म्हणून बर्फावरची घसरगाडी भरून मेपलच्या झाडाची साखर घेऊन डोंगरातून खाली आले होते. मला डोक्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "बसते का हो नीट?"

"डोक्यावर नाही, कानांवर बसलीय," टोपीवाला म्हणाला. "पण बसली ना? मग झालं."

त्यांच्या बायकोचं नाव थँकफुल. नावाचा अर्थ कृतज्ञ, पण जीभ अशी तिखट की विचारू नका. लग्नाच्या दिवशी मला पाहून ती म्हणाली, "टोपी चांगली आहे. नवरा तिच्याएवढा वाढेल हळूहळू." ती चेष्टेत बोलली, पण पुढं तेच खरं झालं.

ॲशकोटला मार्चमध्ये गावसभा भरते. वर्षभराची सगळी कामं तिथं वाटून दिली जातात, कुंपणं कोणी तपासायची, रस्ते कोणी बघायचे. एक काम मात्र कोणालाच नको असतं. गावातली डुकरं मोकाट हिंडतात. त्यांच्या नाकात कडी आणि गळ्यात लाकडी चौकट आहे की नाही, हे बघणारा एक डुक्करराखा निवडावा लागतो. तर आमच्याकडची रीत अशी, की ज्याचं नुकतंच लग्न झालं असेल त्याला डुक्करराखा करायचं. तो लाजून लाल होतो, गाव पोट धरून हसतं, आणि वर्षभर तो काहीच करत नाही. त्या वर्षी अर्थातच माझे मालक निवडले गेले.

पण त्यांनी ते काम मनापासून केलं. खरंच हो! दुसऱ्या दिवशी सकाळी मला डोक्यावर घालून, काखेत दोरखंड घेऊन ते निघाले आणि पहिलीच धरली ती कॅप्टन स्ट्राऊटची डुकरीण. कॅप्टन स्ट्राऊट म्हणजे खानावळीचा मालक, दरवर्षी गावसभेचा सभापती. त्यांच्यासमोर कोणी खोकत नसे.

"अरे ए, कानवाल्या!" कॅप्टन अंगणातून ओरडले. "ती कोणाची डुकरीण आहे, माहीत आहे का?"

मालकांनी मला डोक्यावरून काढलं आणि माझी कड बोटांत गरगर फिरवायला लागले. घाबरले की ते असंच करायचे. "कॅप्टन," ते म्हणाले, "कायद्यात डुकरिणीला नाव विचारा असं लिहिलेलं नाही."

कॅप्टन आधी लालबुंद झाले आणि मग असे हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. संध्याकाळी खानावळीच्या दारावर मालकांच्या हातची नोटीस लागली: स्ट्राऊट, एक डुकरीण, कडी नाही. अक्षर ओळखू येण्यासारखं होतं. प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षराला ते एक वळण काढायचे, अगदी डुकराच्या शेपटीसारखं. गावानं त्या अक्षराला 'शेपटीचं अक्षर' नाव ठेवलं.

तिथून त्यांची चढण सुरू झाली. डुक्करराख्याचे कुंपणतपासनीस झाले, मग गावचे पंच. माणूस सरळ होता. भांडणात दोन्हीकडचं ऐकायचा, ऐकताना मला फिरवत राहायचा. लोक म्हणायचे, एलिफलेट हातातली टोपी फिरवतो, पण शब्द देऊन टोपी फिरवणार नाही. हे ऐकलं की मला मेलीला इतका अभिमान वाटायचा!

आता त्या दिवसाचं सांगते.

इंग्रजांशी लढाई संपून तीनेक वर्षं झाली होती. राज्याच्या सभेत ॲशकोटचा एक प्रतिनिधी पाठवायचा होता. एका बाजूला माझे मालक. दुसऱ्या बाजूला एझाहेल थॉर्न, तळ्याच्या पूर्वकाठचे सुतार. दोघांची दोस्ती लहानपणापासूनची; एकाच कुऱ्हाडीनं दोघांनी आपापली घरं बांधली होती. पूर्वकाठच्या लोकांना स्वतःचं प्रार्थनाघर हवं होतं, कारण रविवारी आमच्याकडे यायचं म्हणजे हिवाळ्यात गोठलेलं तळं तुडवत यावं लागे. ते गाऱ्हाणं राजधानीत मांडणारा आपला माणूस त्यांना हवा होता. एवढाच काय तो मुद्दा. कोणी कोणाचा वैरी नव्हता.

मतं चिठ्ठीवर लिहून सभापतींच्या टोपीत टाकायची, ही रीत. पण त्या वर्षी कॅप्टन स्ट्राऊटच्या टोपीत मांजरीनं पिल्लं घातली होती. "तिला आता उठवणार कोण?" कॅप्टन म्हणाले. मालकांनी लगेच मला पुढं केलं. गावातली सगळ्यात चांगली टोपी! मीही फुलले. मला टेबलावर उलटी ठेवली. ज्याची टोपी, त्याची चिठ्ठी पहिली. मालकांनी घडी घालून आपली चिठ्ठी माझ्यात टाकली.

चिठ्ठीवर नाव होतं एझाहेल थॉर्न.

दचकू नका. उमेदवारानं स्वतःला मत देणं म्हणजे आमच्याकडे निव्वळ हावरटपणा. ताटावर बसून स्वतःच स्वतःला वाढून घेतल्यासारखं. मालकांनी एझाहेलना मत दिलं, एझाहेलनी मालकांना दिलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

पण ती पहिली चिठ्ठी, मित्रांनो, ती तळाशी गेलीच नाही. गुळगुळीत लवेवरून घसरली आणि नेमकी त्या न शिवलेल्या दोन बोटांच्या फटीत शिरली. चामड्याच्या पट्टीमागं! मला तिची कड टोचली. मी मनातल्या मनात किंचाळले. वरून बाकीच्या चिठ्ठ्या पडत राहिल्या. शेवटी कॅप्टननी मला उपडी केली, टपलीही मारली. सगळ्या पडल्या. ती पडली नाही.

"ग्रीनो त्रेसष्ट," कॅप्टननी वाचलं. "थॉर्न बासष्ट. एकूण एकशे पंचवीस. आणि दारात माणसं मोजली होती एकशे सव्वीस. कोणी टाकली नाही चिठ्ठी?"

सगळ्यांच्या नजरा बार्नबीआजोबांकडे वळल्या. पंच्याऐंशीचे, ठार बहिरे, कोपऱ्यात पेंगत बसलेले.

"आजोबा, टाकलंत का?" कोणीतरी कानात ओरडलं.

"हो तर! सकाळीच टाकलं," आजोबा म्हणाले. "तीन ओंडके टाकले चुलीत."

सभा खो खो हसली. आजोबांना प्रश्न कळला तेव्हा ते हात आपटून सांगत राहिले, "अरे, चिठ्ठी टाकली मी! टाकली!" पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय? एक चिठ्ठी कमी का, याचं उत्तर गावाला मिळालं होतं. माझे मालक एका मतानं निवडून आले. त्यांनी मला डोक्यावर चढवलं आणि ती चिठ्ठी त्यांच्या कपाळापासून चामड्याच्या जाडीइतक्या अंतरावर बसली.

खरं तर त्रेसष्ट-त्रेसष्ट झालं होतं. पुन्हा मतं घ्यायला हवी होती. हे एवढ्या मोठ्या सभेत मला एकटीलाच माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात एझाहेल मालकांना घोड्यांच्या पागेत भेटले. हात खिशात, नजर जमिनीवर.

"एलिफलेट, रागावणार नसशील तर एक विचारू?"

"विचार की. आपल्यात कसला राग?"

"आमच्या काठची माणसं मी बर्फावरून येतानाच मोजली होती. मला सोडून बासष्ट. मी तुला मत दिलं, रीतच आहे. तू मला दिलं असशील तर माझी त्रेसष्ट व्हायला हवीत ना?"

मालकांनी मला काढलं. बोटं फिरायला लागली. "म्हणजे काय? मी स्वतःला मत दिलं म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. पण मग तुझं मत गेलं कुठं?"

इथं! मी ओरडत होते. अरे इथं, तुझ्या अंगठ्याखाली आहे, जरा दाब! काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण बोटं नुसतीच फिरत राहिली.

"तुझ्याच माणसांतला कोणीतरी फुटला असेल," मालक फटकन म्हणाले.

"माझी माणसं फुटत नाहीत."

"मग मी खोटारडा, असंच ना?"

एझाहेल दाराकडे वळले. मग म्हणाले, "एकाच कुऱ्हाडीनं घरं बांधली आपण. टोपी मात्र तू मला एकट्याला घातलीस." आणि निघून गेले.

पाहा, दोघंही खरं बोलत होते. दोघंही एकमेकांना खोटारडे समजून चुलीवरच्या दुधासारखे उतू गेले. आणि खऱ्याचा पुरावा माझ्या पोटात. पण तो पुरावा तरी कसला, दुधारी! चिठ्ठी निघाली तर मालकांचा शब्द खरा ठरणार आणि त्यांची निवड खोटी. मी कशासाठी प्रार्थना करायची, सांगा बरं?

मालकांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली. खानावळीत चारचौघांत म्हणाले, एझाहेल हरला ते हरला, आता माझ्या नावावर चिखल उडवतोय. गाव मालकांच्या बाजूचं. एझाहेलना सुतारकाम मिळेनासं झालं. पूर्वकाठी तर आणखी वाईट झालं. कोण फुटलं, याचा शोध सुरू झाला आणि बोट ठेवलं गेलं जोएलवर, एझाहेलच्या मेव्हण्यावर, कारण तो मालकांच्या लाकूडगिरणीत कामाला होता. त्याच्या बायकोशी विहिरीवर कोणी बोलेना. वर्षभरानं जोएल बायकापोरांना बैलगाडीत घालून दूर पश्चिमेला ओहायोकडे निघून गेला. गाडी आमच्या दारावरून गेली. मालक ओसरीत उभे होते, मी त्यांच्या डोक्यावर. जोएलनं रीतीप्रमाणे आपली टोपी उचलली, मालकांनीही मला उचललं. अहो, त्या निष्पाप माणसापुढं मला उचललं! लाज वाटली मला.

अशी नऊ वर्षं गेली. मालक दरवर्षी निवडून येत राहिले. त्यांनी चांगली कामंही केली, नाही कशाला म्हणू? नदीवर पूल झाला, शाळेला छप्पर मिळालं. राजधानीत ते बोलायला उभे राहिले की लोक आतल्या खोलीतून ऐकायला बाहेर यायचे. आता त्यांना सगळे मानानं स्क्वायर म्हणू लागले होते. फक्त पूर्वकाठचा प्रार्थनाघरासाठीचा अर्ज आला, की ते तो बाजूला सारायचे. "पुढच्या वर्षी बघू." दरवर्षी पुढचं वर्ष.

मी मात्र प्रत्येक दिवस जीव मुठीत धरून काढला. पाऊस आला की वाटे, आता शाई पुसली जाईल, पुरावाच जाईल. कोणी ब्रश फिरवला की वाटे, आता सापडणार. जोराचा वारा सुटला तर पार कासावीस. आणखी एक गोष्ट फक्त मलाच कळत होती. मालकांचं डोकं वाढत होतं. स्तुतीनं वाढतं हो डोकं, टोपीला विचारा! आधी मी कानांवर बसत होते, आता कपाळावर काचू लागले. त्यांना मी घट्ट होऊ लागले आणि मला ते परके होऊ लागले.

मग फिलाडेल्फियाची गोष्ट निघाली. अख्ख्या देशाची मोठी सभा तिथं भरते. आसपासच्या गावांतले मोठे लोक येऊन म्हणाले, स्क्वायर, आता तुम्हीच जा. मतदान मार्चच्या सभेत, मंगळवारी. थँकफुलबाईंनी नवा कोट शिवला. टोपी मात्र मालकांना हीच हवी होती. "हिच्यातून निवडून आलो मी पहिल्यांदा," ते म्हणाले. "फक्त थोडी सैल करून दे, काचते."

"करते की," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं गावानं तुमच्या डोक्यात हवा भरलीय, दोष टोपीचा नाही."

शनिवारची दुपार होती. भट्टीत घेवडा शिजत होता, शेजारी काळी पाव-रोटी. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि आतल्या पट्टीचे टाके एकेक करून उसवायला सुरुवात केली. माझी काय अवस्था झाली असेल! तीन टाके. चार. पाच. आणि चिठ्ठी टपकन त्यांच्या मांडीवर पडली. थोडी पिवळी, घामानं मऊ झालेली, पण शाई शाबूत.

बाईंनी ती उलगडली, वाचली, आणि मालकांच्या ताटाशेजारी ठेवली.

संध्याकाळी मालक जेवायला बसले. चिठ्ठी उचलली. एझाहेल थॉर्न. पहिल्या अक्षराला शेपटी.

"हे... हे माझं अक्षर आहे." त्यांचा आवाज चढला. "थँकफुल! बघ! मी एझाहेललाच मत दिलं होतं! मी खोटं बोललो नव्हतो!"

"नव्हतात," बाई म्हणाल्या. "आणि जिंकलाही नव्हतात."

चमचा घेवड्यात तसाच राहिला.

"कोणाला कळणार आहे?" मालक शेवटी हळूच म्हणाले. "नऊ वर्षं झाली. मंगळवारी मतं आहेत. चुलीत टाकली तर?"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "सूर्य बुडाला. आता रविवार संपेपर्यंत चुलीत काहीही टाकायचं नाही, काही शिवायचंही नाही. देवाचा दिवस शनिवारच्या सूर्यास्तालाच लागतो. जाळायचीच असेल तर सोमवारी जाळा."

"तू काय म्हणतेस पण?"

"मी मतदार नाही," बाई म्हणाल्या. "माझं मत कोण मोजतंय? घेवडा खा, निवतोय."

मालकांनी चिठ्ठी परत माझ्यात ठेवली. रविवारी ते तसेच, लोंबत्या पट्टीची टोपी मांडीवर घेऊन प्रार्थनाघरात बसले. प्रार्थना निम्मी झाली तरी पूर्वकाठची माणसं आली नव्हती. मार्चमधलं बर्फ वरून पांढरं आणि खालून पोकळ असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक चुळबुळायला लागले. मग दार उघडलं. सगळ्यात पुढं एझाहेल, कमरेपर्यंत ओले. त्यांच्या हातांत घोंगडीत गुंडाळलेली सहा वर्षांची नात. घसरगाडीची एक बाजू बर्फात गेली होती. पोरगी पाण्यात पडली, एझाहेलनी उडी मारून बाहेर काढली. तिचे ओठ निळे पडले होते आणि दात कडाकडा वाजत होते. बायका धावल्या, शाली निघाल्या. हळूहळू तिच्या गालावर रंग आला. एझाहेल मागच्या बाकावर जाऊन बसले, अंगातून पाणी ठिबकत होतं.

माझी कड फिरवणारी बोटं थांबली होती. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, अशी थांबलेली कधी पाहिली नव्हती.

सोमवारी बाईंनी सुईदोरा काढला. "शिवू?"

"थांब," मालक म्हणाले. चुलीकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दिवसभर पाहत राहिले. मला वाटलं, गेली आता, जळली! एकदा तर चिठ्ठी हातात घेऊन चुलीपाशी वाकलेसुद्धा. मग नुसताच ओंडका सारखा करून सरळ झाले.

मंगळवारी सभाघर खचाखच भरलं. कॅप्टन स्ट्राऊट अजून सभापती होते, आवाज तेवढा बसला होता. "चला, फिलाडेल्फियासाठी मतं घेऊ," ते म्हणाले. "टोपी आण रे एलिफलेट, तुझीच आण, शुभ आहे."

मालक उठले. मला टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरलं. "मतं घेण्याआधी एक मोजायचं राहिलंय," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचं."

आणि माझ्या आत बोटं घालून त्यांनी चिठ्ठी बाहेर काढली. कॅप्टनच्या हातात दिली. कॅप्टननी ती लांब धरली, जवळ धरली. "शेपटीचं अक्षर," ते पुटपुटले. "एझाहेल थॉर्न."

"माझी चिठ्ठी आहे ती. पट्टीमागं अडकली होती. त्या दिवशी त्रेसष्ट-त्रेसष्ट झालं होतं. मी निवडून आलोच नव्हतो." मालक सभेकडे वळले. "एझाहेल मला खोटं ठरवतोय असं मी गावभर सांगितलं. तो फक्त बरोबर मोजत होता. जोएल फुटला नव्हता. कोणीच फुटलं नव्हतं. आणि पूर्वकाठचा अर्ज मी रागानं अडवून ठेवला, त्यापायी काय झालं असतं ते परवा सगळ्यांनी पाहिलं. फिलाडेल्फियाला मला पाठवू नका. यंदाचा प्रतिनिधी एझाहेल आणि माझ्यात पुन्हा निवडा. त्या दिवशी निवडायला हवा होता तसा."

मग कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. बार्नबीआजोबा! चौऱ्याण्णव वर्षांचे. शेजारच्यानं त्यांच्या कानात सगळं ओरडून सांगितलं होतं.

"मी सांगत नव्हतो?" आजोबा गरजले. "नऊ वर्षं! नऊ वर्षं बोंबलतोय, चिठ्ठी टाकली म्हणून!"

"कोणाला दिलं होतंत, आजोबा?"

"ते तुला कशाला सांगू, गाढवा?"

सभा हसली, पण हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले. एझाहेल उठले. सावकाश चालत पुढं आले. मालकांकडे नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. उसवलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"घे मतं, कॅप्टन," ते म्हणाले. "ह्याच टोपीत."

थँकफुलबाई मागच्या बायकांच्या बाकावरून सुईदोरा घेऊन पुढं आल्या. "आधी शिवते. पुन्हा कुणाचं काही अडकायला नको."

"सगळी शिव, वहिनी," एझाहेल म्हणाले, "पण ती दोन बोटं राहू दे. मोजून झालं की सभापतीनं सगळ्यांसमोर त्यात बोटं घालून दाखवायचं. फट बुजवली तर आत बघायचं लक्षात कोणाच्या राहील?"

बाईंनी तसंच शिवलं. मतं पडली. मालकांनी एझाहेलना मत दिलं, एझाहेलनी मालकांना, रीत ती रीत. कॅप्टननी मला उपडी केली, मग दोन बोटं फटीत घालून सगळ्यांना दाखवलं: रिकामी. थॉर्न एक्क्याऐंशी, ग्रीनो सत्तेचाळीस. माझे मालक चांगले चौतीस मतांनी हरले, आणि मित्रांनो, घरी जाताना मी पुन्हा त्यांच्या कानांवर बसले. आरामात.

पण त्याआधी एक काम उरलं होतं. डुक्करराखा निवडायचा. कॅप्टन म्हणाले, "यंदा नव्या लग्नाचं कोणी नाही. आता काय करायचं?" कोणी पुढं येईना. मग मालकांनी मला उंच केलं.

"मी करतो," ते म्हणाले. "अनुभव आहे."

"बघ हां, स्क्वायर," एझाहेल बाकावरून म्हणाले, तोंडावर हसू दाबत, "डुकरिणीला नाव विचारायचं नाही."

नऊ वर्षांत त्या दोघांमधलं हे पहिलं बोलणं.

दोन वर्षांत पूर्वकाठी प्रार्थनाघर उभं राहिलं. छताची पहिली तुळई मालकांनी आणि एझाहेलनी दोन टोकांना धरून चढवली. जोएलला पत्र गेलं. वर्षानं उत्तर आलं, चारच ओळींचं: इकडची जमीन चांगली आहे, परत येणार नाही, पण तुमचं पत्र बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिनं दोनदा वाचायला लावलं. ते पत्र मालकांनी पुष्कळ दिवस कोटाच्या खिशात ठेवलं होतं. काही गोष्टी फटीतून काढता येतात, पण जागच्या जागी परत बसत नाहीत.

मालक पुढं म्हातारपणापर्यंत गावचे पंच राहिले. फिलाडेल्फिया मी कधी पाहिलं नाही. तो नवा कोट त्यांनी डुकरं धरताना घालून फाडला, त्यावरून बाईंनी त्यांना आयुष्यभर बोलून घेतलं. ते गेल्यावर बाईंनी मला इथं आणून टांगलं. आता मतांसाठी कुलपाची लाकडी पेटी आहे. तरीही दर मार्चला, पेटी रिकामी झाली की सभापती मला खुंटीवरून काढतात, उपडी करतात आणि फटीत दोन बोटं घालतात. नवी माणसं हसतात. जुनी हसत नाहीत.

माझी काळजी अजून गेलेली नाही, मित्रांनो. आता माझ्यात काहीच नाही, हे मला माहीत आहे. पण मला तर त्या दिवशीही सगळं माहीतच होतं, त्याचा कोणाला काय उपयोग झाला? म्हणून एवढंच मागते. कोणाला खोटारडा म्हणण्याआधी, कोणाला गावाबाहेर घालवण्याआधी, आपली स्वतःची टोपी काढा आणि आत दोन बोटं घाला. काही सापडणार नाही, असं तुम्हाला वाटेल. तरी घाला.

आतलं कोणी बघत नाही, म्हणूनच घाला.